गांवची पेढी : कालची व उद्यांची

महोत्सवाच्या स्मरणिकेंत चर्चच्या घंटेविषयीं, वेदीविषयीं आणि होऊन गेलेल्या धर्मगुरूंविषयीं लिहिण्याची रीति आहे. आणि तें काम या अंकांत माझ्याहून अधिक जाणत्या मंडळींनीं उत्तम प्रकारें पार पाडलें आहे. संपादक मंडळानें मजकडे ऐतिहासिक निबंध मागितला, तेव्हां मीं एक निराळाच विषय मागून घेतला. तो विषय म्हणजे गांवची बँक. धर्मगुरूनें पैशाविषयीं कशाला लिहावें, असें कोणी म्हणेल. त्यास माझें उत्तर एवढेंच कीं, आमच्या वसईंत लोकांच्या मालकीची जी बँक शंभराहून अधिक वर्षें उभी आहे, ती एका धर्मगुरूंनींच काढली.

लिहिण्यास निमित्तही घडलें आहे. गेल्या वर्षीं आपल्या नाक्यावरील एका बँकेनें आपली शाखा उचलून स्टेशनजवळील मोठ्या शाखेंत मिळविली. दारावर एक छापील कागद डकविला गेला. ग्राहकांचीं खातीं सुरक्षित आहेत, सर्व व्यवहार मोबाइलवरून घरबसल्या होतील, तसदीबद्दल क्षमस्व. तो कागद खोटा नव्हता. पण त्याच आठवड्यांत, सकाळची मिस्सा आटोपल्यावर, सत्तरीच्या पुढील एक आजी पासबुक पदराखालीं धरून माझ्या दारीं आल्या आणि म्हणाल्या, “फादर, माझे पैसे आतां कुठें राहायला गेले?” मीं त्यांस समजावून सांगितलें. त्यांना तें पटलें असें त्यांच्या चेहऱ्यावर दिसलें नाहीं. आणि मागाहून विचार करतां मलाही तें पुरतें पटलें नाहीं.

पैसे राहतात कोठें, हा प्रश्न वाटतो तितका भोळा नाहीं. तिजोरी म्हणजे पेढी नव्हे. तिजोरी सावकाराकडेही होती, आणि ती चांगली मजबूत होती. गरिबांच्या पेढ्या निघाल्या त्या पैसे ठेवावयास जागा नव्हती म्हणून नव्हे. गरिबाकडे पाहून “हा परत देईल” असें म्हणणारा कोणी नव्हता म्हणून निघाल्या. आमच्या भाषेनें हें फार पूर्वीं ओळखलें आहे. पत म्हणजे कर्ज मिळण्याची योग्यता, आणि पत म्हणजेच चारचौघांतील अब्रू. एकच शब्द दोन्ही कामें करतो. पत ही चारचौघांवांचून असूं शकत नाहीं. पेढीचा सारा इतिहास हा त्या चारचौघांत कोणी बसावें या प्रश्नाचा इतिहास आहे, असें मला वाटतें.

इटलींतील पेरूजा शहरांत १४६२ सालीं फ्रान्सिस्कन संन्याशांच्या खटपटीनें गरिबांसाठीं एक गहाणपेढी निघाली, आणि तिच्यामागून इतर शहरांतही तशा पेढ्या निघाल्या. पेढीच्या खर्चापुरती अल्प आकारणी तेवढी घेत. तेवढ्यावरूनही धर्मपंडितांत पुष्कळ वर्षें वाद माजला, कारण व्याज घेणें हें त्या काळीं पाप मानलें जात असे. अखेर १५१५ सालीं, पोप दहावे लिओ यांच्या कारकीर्दींत, पांचव्या लॅटरन परिषदेनें अशी आकारणी न्याय्य ठरविली. सेमिनरींत हा वाद आम्हांस शिकविला गेला तेव्हां तो मला फार शिळा वाटला होता. पुढें धर्मग्रामाचे हिशेब माझ्या हातीं आले तेव्हां तो तितका शिळा राहिला नाहीं. असो. या पेढ्यांत विश्वास वस्तूवर होता, माणसावर नव्हता. अंगावरचा झगा किंवा तांब्याचें भांडें आणून ठेवावें आणि पैसे न्यावे.

माणसावरच विश्वास ठेवण्याची युक्ति जर्मनींत निघाली. वेस्टरवाल्ड नामक डोंगराळ मुलखांत फ्रीड्रिख विल्हेल्म रायफायझेन हे गांवप्रमुख होते. १८४६-४७ च्या दुष्काळांत त्यांनीं संपन्न लोकांकडून वर्गणी जमवून गरिबांस उधारीवर पाव मिळण्याची व्यवस्था केली. पुढें त्यांच्या लक्षांत आलें कीं, श्रीमंतांच्या दयेवर चालणारें काम श्रीमंत थकले म्हणजे थांबतें. तेव्हां १८६४ सालीं हेडेसडॉर्फ येथें त्यांनीं अशी पतपेढी काढली कीं जिच्यांत कर्ज घेणारे हेच सभासद व मालक. तिचे नियम लक्षांत ठेवण्याजोगे आहेत. पेढीचें क्षेत्र एका गांवापुरतें किंवा एका धर्मग्रामापुरतें. एकानें बुडविलें तर सर्वांनीं भरून द्यावें, आणि तेंही अमर्याद जबाबदारीनें. हिशेबनिसाखेरीज कोणास वेतन नाहीं. नफा वांटून न घेतां राखीव निधींत टाकावयाचा. क्षेत्र एवढें लहान कां, तर गाय घेण्यासाठीं नेलेल्या कर्जाची गाय गोठ्यांत आली कीं दारूच्या गुत्त्यांत गेली, हें शेजाऱ्यास विचारल्याविना कळतें. शहरांतील अधिकाऱ्यास तें चौकशी करूनही कळत नाहीं. रायफायझेन हे प्रॉटेस्टंट पंथाचे होते. तरीही कॅथलिक धर्मगुरूंनीं त्यांची पद्धति देशोदेशीं उचलली, आणि १८९१ सालीं पोप तेरावे लिओ यांनीं कामकऱ्यांच्या प्रश्नावर आपलें परिपत्रक काढल्यानंतर तर तें काम अधिकच उत्साहानें चाललें.

त्या कामांतील मला सर्वांत प्रिय असें उदाहरण कॅनडांतील आहे. क्वेबेक प्रांतांत लेव्हिस गांवीं आल्फोन्स देजार्दें नांवाचे एक गृहस्थ राहत. ओटावाच्या संसदेंत भाषणें उतरून घेण्याची त्यांची नोकरी. १८९७ सालीं सावकारीवरील एक वादविवाद उतरून घेतांना, गरीब लोक किती भयंकर व्याज भरतात हें त्यांच्या कानीं आलें, आणि तें मनांतून जाईना. १९०० च्या डिसेंबरांत त्यांनीं आपल्या गांवीं लोकपेढी स्थापिली. २३ जानेवारी १९०१ रोजीं पहिल्यानें पैसे स्वीकारले गेले; पहिली ठेव दहा सेंटांची होती आणि त्या दिवसाची एकूण जमा २६ डॉलर ४० सेंट. पेढीचें कार्यालय त्यांच्या राहत्या घरींच होतें. संसदेचें अधिवेशन सुरू झालें म्हणजे देजार्दें ओटावास जात, आणि मागें त्यांची पत्नी दोरिमेन ही मुलेंबाळें सांभाळून पेढीचें काम पाही. पुढें या पेढ्या धर्मग्रामांच्या हद्दींनींच पसरल्या. १९२० सालीं देजार्दें वारले तेव्हां त्यांची संख्या शंभरावर गेली होती. शाखा म्हणजे काय, असें मला कोणी विचारलें तर मी या बाईचें उदाहरण देईन. संगमरवरी फरशी नाहीं, पाटी नाहीं. दार वाजविलें म्हणजे तें उघडणारें ओळखीचें माणूस, एवढीच त्या शाखेची सामग्री.

आपल्याकडे सावकारीचें दुःख किती खोल होतें हें सांगावयास नको. १८७५ च्या मे महिन्यांत पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें शेतकऱ्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं आणि तो दंगा दख्खनभर पसरला. सरकारनें चौकशा केल्या, कायदे केले. मद्रास इलाख्यांत फ्रेडरिक निकल्सन यांनीं यूरोपांतील पतपेढ्यांचा मोठा अभ्यास करून रायफायझेनची रीति आणण्याची शिफारस केली, आणि १९०४ सालीं सहकारी पतसंस्थांचा पहिला कायदा झाला. त्या कायद्यांतील एक गोष्ट आम्हां लोकांस विशेष महत्त्वाची ठरली. एका गांवांत राहणारे किंवा एकाच जमातीचे, वर्गाचे अथवा जातीचे दहा इसम एकत्र येऊन संस्था काढूं शकत. म्हणजे चारचौघे कोण, याचें उत्तर सरकारनेंच दिलें : जे एकमेकांस ओळखतात ते.

या कायद्याचा लाभ घेऊन छोटानागपुरांत फादर योहान बाप्टिस्ट हॉफमन या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंनीं १९०९ सालीं रांची येथें कॅथलिक सहकारी पतसंस्था काढली. मुंडा लोकांच्या जमिनी सावकारांच्या व जमीनदारांच्या घशांत जात होत्या. १९०८ च्या छोटानागपूर कूळकायद्याच्या घडणींत हॉफमन यांचा हात होता. परंतु कायद्यानें राखलेली जमीन कर्जानें पुन्हां जाऊं नये यासाठीं पेढी हवी, हें त्यांनीं जाणलें. पुढें महायुद्ध पेटलें आणि १९१५ सालीं, जर्मन म्हणून, त्यांस हिंदुस्थान सोडावा लागला. संस्था मात्र राहिली.

त्याच युद्धाच्या शेवटल्या वर्षीं, १९१८ मध्यें, वसईंत मॉन्सिनियर पी. जे. मोनीस यांनीं बॅसिन कॅथलिक सहकारी पतपेढीचा पाया घातला. तीच आज पापडीस मुख्य कार्यालय असलेली कॅथलिक बँक. येथील बागायतीचा संसार ज्यांनीं पाहिला आहे त्यांस अशा पेढीचें मोल वेगळें सांगावयास नको. राजेळी केळींचें पीक, सुकेळीं, पानवेली, मोगरा, भाजी. सगळें विहिरीच्या पाण्यावर आणि मुंबईच्या बाजारावर अवलंबून. विहीर उपसावी तर पैसे आज हवेत, रहाट मोडला तर पैसे आजच हवेत, आणि बाग हातीं पैसे देईल ती सहा महिन्यांनीं.

माझ्या लहानपणीं, म्हणजे १९७० नंतरच्या दशकांत, आजीबरोबर मी बँकेच्या खिडकीशीं पुष्कळदां उभा राहिलों आहें. पितळी टोकन हातांत घट्ट धरून ठेवण्याचें काम माझें असे. आजीस लिहितां येत नसे. ती अंगठा उठवी. एकदां शेजारची एक विधवा आपल्या पुतण्यासमवेत पैसे काढावयास आली. रक्कम मोठी होती. कारकुनानें चिठ्ठी बाजूस ठेवली, चष्मा वर केला आणि पुतण्याकडे न पाहतां तिला विचारलें, “बाय, हे पैसे तुला हवेत कीं ह्याला?” ती गप्प राहिली. कारकून म्हणाला, “मग उद्यां ये, एकटी ये.” कोणत्याही नियमपुस्तकांत हा अधिकार त्या कारकुनास दिलेला नव्हता. बाई दुसऱ्या दिवशीं आली नाहीं, आणि तिचे पैसे तिच्या म्हातारपणास पुरले.

परंतु जुन्या गोष्टींचें गुणगान करतांना खरें सांगावयास पाहिजे. ज्या ओळखीनें त्या विधवेस वांचविलें, त्याच ओळखीनें कित्येकांस दाराबाहेरही ठेवलें. ओळखीच्या माणसास कर्ज लवकर, अनोळख्यास उद्यां या, हें आम्हीं सर्वांनीं पाहिलें आहे. पूर्वेकडील डोंगराखालचा आदिवासी मजूर त्या खिडकीपर्यंत क्वचितच पोहोंचला. त्याला पोहोंचला तो सावकार. रोजंदारी बुडवून रांगेंत उभ्या राहणाऱ्या माणसास कारकुनाच्या जेवणाच्या सुटीविषयीं काय वाटत असे, तें येथें लिहिण्याजोगें नाहीं. शिवाय ओळख ही पेढी बुडण्यापासून वांचवीत नाहीं. केरळांत पालाई गांवीं सीरियन कॅथलिकांनीं १९२७ सालीं काढलेली पालाई सेंट्रल बँक मोठ्या विश्वासाची मानली जात असे; १९६० च्या ऑगस्टांत रिझर्व्ह बँकेच्या अर्जावरून ती बंद झाली आणि ठेवीदारांवर आकाश कोसळलें. त्या धक्क्यांतून ठेवींचा विमा जन्मास आला. १ जानेवारी १९६२ पासून प्रत्येक ठेवीदारास १,५०० रुपयांपर्यंत हमी मिळाली. आज, ४ फेब्रुवारी २०२० पासून, ती पांच लक्षांची आहे. पांच लक्षांहून अधिक रक्कम एकाच बँकेंत ठेवणाऱ्या आमच्या सुखवस्तु बांधवांनीं हा आंकडा ध्यानांत ठेवावा.

यानंतरचा भाग बहुतेकांस ठाऊक आहे, तेव्हां थोडक्यांत सांगतों. १९ जुलै १९६९ रोजीं १४ मोठ्या बँकांचें राष्ट्रीयीकरण झालें, त्या वेळीं साऱ्या देशांत व्यापारी बँकांच्या शाखा ८,२६२ होत्या. १९७७ पासून असा दंडक घातला गेला कीं, बँक असलेल्या गांवीं नवी शाखा काढावयाची तर बँक नसलेल्या चार ठिकाणीं शाखा काढावी. १९९० मध्यें तो उठला तोंवर शाखांची संख्या साठ हजारांच्या घरांत गेली होती. पुढें नफ्यातोट्याचा विचार पुढें आला. १९८७ मध्यें मुंबईंत पैसे देणारें यंत्र, म्हणजे एटीएम, प्रथम बसलें. मग सर्व शाखांचीं खातेंपुस्तकें एका मोठ्या संगणकांत गेलीं, आणि माझें खातें अमुक शाखेंत आहे या वाक्यांतील जीव हळूहळू निघून गेला. ११ एप्रिल २०१६ रोजीं यूपीआय सुरू झालें. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मोठ्या नोटा रद्द झाल्या, पुढें करोनाची साथ आली, आणि लोकांचा हात खिशाऐवजीं फोनकडे जाऊं लागला. ऑगस्ट २०२३ या एका महिन्यांत यूपीआयवरून एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले.

याचा मी तिरस्कार करीत नाहीं. पहांटेच्या गाडीनें फुलें घेऊन दादरला जाणाऱ्या बाईस सुट्या पैशांची विवंचना उरली नाहीं. कुवेतमधील मुलानें धाडलेले पैसे आईच्या खात्यांत लवकर जमा होतात; पूर्वीं ड्राफ्टची वाट पाहण्यांत तीन आठवडे जात. आमच्या दानपेटीवरही आतां ठिपक्यांचा तो चौकोन चिकटविलेला आहे, आणि तरुण मंडळी त्याकडे फोन उगारतात तेव्हां मला अजून किंचित् हसूं येतें. पैसे हलविणें हें काम यंत्र माणसाहून उत्तम करतें, हें मान्य करून टाकावें. त्यासाठीं शाखा राखा असें म्हणणारा मनुष्य टांग्यासाठीं रेल्वे थांबवा म्हणणाऱ्यासारखा होय.

पण पत? तिचे चारचौघे आतां कोण? हल्लीं कर्ज मागणाऱ्याचा एक अंक काढतात. लोक त्यास सिबिल म्हणतात. मागील कर्जें वेळेवर फेडलीं कीं नाहीं, यावरून तो अंक बनतो. त्यांत न्यायाचा एक अंश आहे : अंकास पुतण्या नसतो आणि अंक जात विचारीत नाहीं. परंतु ज्यानें जन्मांत कर्ज काढलें नाहीं, त्याच्यापाशीं अंकच नाहीं. आमच्या वाडीवरील एका बागाईतदारानें कोणाचा एक पैसा कधीं ठेवला नाहीं, हें साऱ्या गांवास ठाऊक. पण पंपासाठीं थोडें कर्ज मागावयास गेला तेव्हां यंत्रानें त्याच्याविषयीं कांहींच माहिती नसल्याचें सांगितलें. ज्याची पत गांवांत सर्वांत मोठी, तो यंत्रास अनोळखी. त्यास ओळखणारा अधिकारी पूर्वीं नाक्यावर बसत असे.

दुसरी गोष्ट त्या विधवेची. आज पुतण्या खिडकीशीं येत नाहीं. तो फोनवर येतो, पोलिसाचा वेष करून पडद्यावर दिसतो आणि तुम्हांस “डिजिटल अटक” झाली आहे म्हणून भिवडवितो. अशी कोणतीही अटक आमच्या देशाच्या कायद्यांत नाहीं, हें या पानावर ठळकपणें नोंदवून ठेवितों. आणि कोणी फसलाच तर १९३० या क्रमांकावर त्वरित कळवावें, उशीर केल्यास पैसे हातचे जातात. अशा प्रसंगीं घाबरून मुदतठेव मोडावयास आलेल्या वृद्धांस बँकेंतील एखाद्या कर्मचाऱ्यानें “हे पैसे कोणास धाडतां?” असें विचारून वांचविल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या आहेत. वाचतांना मला तो चष्मा वर करणारा कारकून आठवला. फोनमध्यें चष्मा वर करणारें कोणी नाहीं.

हें केवळ आमचेंच गाऱ्हाणें नव्हे. इंग्लंडांत १९६७ सालीं, लंडननजीक एनफील्ड येथें, पैसे देणारें यंत्र प्रथम बसलें. त्याच ब्रिटनमध्यें २०१५ पासूनच्या दहाएक वर्षांत सहा हजारांहून अधिक शाखा बंद झाल्या. म्हाताऱ्यांनीं व दुकानदारांनीं ओरड केली, तेव्हां २०२३ सालीं कायदा करून लोकांस रोख रक्कम मिळण्याची सोय राखण्याची जबाबदारी तेथें बँकांवर घालण्यांत आली. त्याआधींच, २०२१ मध्यें, रॉचफर्ड व कँबसलँग या दोन गांवीं एक प्रयोग झाला होता. सर्व बँकांनीं मिळून एकच दुकान घ्यावयाचें. पैसे भरण्याकाढण्याची खिडकी पोस्टानें चालवावयाची. आणि आठवड्याचा एकेक वार एकेका बँकेच्या माणसानें तेथें येऊन बसावयाचें. आज एकीचा, उद्यां दुसरीचा. हा प्रयोग पुढें अनेक गांवीं नेला गेला. मला ही व्यवस्था फार शहाणपणाची वाटते, कारण तींत यंत्राचें यंत्रास दिलें आहे आणि माणसाचें माणसास.

आपल्याकडे ब्रिटनसारखी सरसकट गळती लागलेली नाहीं. परंतु २०१७ व २०२० मध्यें सरकारी बँका एकमेकींत विलीन झाल्या, तेव्हां एकाच नाक्यावरील दोन शाखांची एक झाली. आणि जी उरली तींतही पूर्वींचा अधिकारी तीन वर्षांनीं बदलून जातो, गांव ओळखण्यास त्यास अवधि मिळत नाहीं. म्हणजे दार उघडें असूनही दोरिमेनबाई घरीं नाहींत, अशी स्थिति होते. सहकारी पेढीस येथें एक लाभ आहे. तिचे सभासद व तिचे संचालक याच मातींतले, तिच्या वार्षिक सभेस जाऊन “नाक्यावरील शाखा कां हलविली?” असें विचारण्याचा हक्क प्रत्येक भागधारकास आहे. हा हक्क आम्ही किती बजावतों? माझ्या पाहण्यांत सभेस गर्दी होते ती लाभांशाच्या आंकड्यापुरती. आंकडा ऐकून मंडळी चहाकडे वळतात. ज्यांनीं पेढी आपली म्हणून काढली त्यांच्या नातवांस ती परकी झाली असेल, तर त्याचा सारा दोष फोनवर घालतां येणार नाहीं.

रिझर्व्ह बँकेनें २००६ पासून बँकांस आपला प्रतिनिधि, ज्यास लोक बँक मित्र म्हणतात, गांवोगांव नेमण्याची मुभा दिली आहे. नोव्हेंबर २०१७ मध्यें तिनें व्यापारी बँकांस असेंही सांगितलें कीं, सत्तरीच्या पुढील आणि अपंग खातेदारांस पैसे भरण्याकाढण्यासारख्या प्राथमिक सेवा घरपोंच द्याव्या. आपल्या धर्मग्रामांत सत्तरी ओलांडलेलीं माणसें पुष्कळ आहेत. ही सोय मागून घेतलेली माझ्या माहितींत दोनच. अर्जाचा नमुना चर्चच्या कार्यालयांत ठेवला आहे.

आणखी एक विचार आर्थिक समितीपुढें मांडला आहे. जुन्या शाळेची रस्त्याकडील खोली वर्षांतून नाताळच्या गोठ्याच्या सामानापुरतीच उघडते. ती मंगळवारीं व शुक्रवारीं सकाळीं बँकेच्या माणसास बसावयास द्यावी, भाडें घेऊं नये, आणि कोणत्याही धर्माच्या व कोणत्याही वाडीच्या माणसास तेथें मज्जाव नसावा. दोन बँकांशीं पत्रव्यवहार केला; एकीचें उत्तर आलें आहे, कीं खातेदारांची यादी पाहून कळवूं. ती यादी मीं बनवावयास घेतली असून तींत पहिलें नांव त्या पासबुकवाल्या आजींचें आहे. ज्यांस आपलें नांव घालावयाचें असेल त्यांनीं रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर कार्यालयांत यावें. येतांना पासबुक आणावें. फोन आणला नाहीं तरी चालेल.